जनावर मुके असते, आपण मुके राहू नये

आपल्या वस्त्यांमध्ये माणसांबरोबर जनावरेही राहतात. कुणाच्या दारात दोन शेळ्या बांधलेल्या असतात, कुणाकडे चार कोंबड्या, कुणाच्या घरात मांजर. कुत्रा कधी एका घरचा असतो, कधी सगळ्या गल्लीचा. शेळी तर गरिबाची ठेवच. मुलांची फी भरायची असो की आजारपणाचा खर्च असो, अडचणीच्या वेळी तीच विकली जाते. अशी शेळी एका रात्रीत दगावली तर घराचे वर्षभराचे गणित बिघडते.

जनावर आजारी पडले की ते कुठे न्यायचे? तिथे अनुभव कसा येतो? तो चांगला यावा म्हणून आपल्याला काय करता येईल? या वेळच्या आरोग्य पानावर हाच विषय घेतला आहे. रेबीजसारखा आजार जनावराकडून माणसाला होतो, त्यामुळे हा प्रश्न आपल्या लेकराबाळांच्या आरोग्याचाही आहे.

चांगले अनुभव

एका घरची शेळी लग्नातला उरलेला भात पोटभर खाऊन आली. थोड्या वेळाने तिचे पोट डावीकडून फुगले, रवंथ बंद झाले आणि ती दात खात एका जागी उभी राहिली. घरच्यांनी सोडा-तेलाचे प्रयोग करण्यात वेळ घालवला नाही. तिला रिक्षात घालून सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी आधी विचारले: काय खाल्ले, किती खाल्ले, कधी खाल्ले? मग कुशीवर हात ठेवून पोट तपासले, ताप पाहिला आणि उपचार केले. दोन-तीन दिवस भात, पीठ, शिळी भाकर काही द्यायचे नाही, फक्त सुका चारा आणि पाणी द्यायचे, असे कागदावर लिहून दिले. शेळी वाचली. उरलेला भात आणि पीठ शेळीला मारू शकते, ही गोष्ट त्या घराबरोबर शेजारच्या चार घरांनाही कळली.

दुसऱ्या एका गल्लीत कुत्र्याच्या मानेवरच्या जखमेत अळ्या पडल्या होत्या. वासामुळे लोक त्याला हाकलत होते. तीन-चार मुलांनी त्याला तोंड बांधून, पोत्यावर बसवून धर्मादाय दवाखान्यात नेले. तिथे जखम साफ करून औषध घातले आणि पुन्हा कधी आणायचे ते सांगितले. कुत्रा कुणाच्या मालकीचा, असे विचारून कुणी परत पाठवले नाही.

या दोन्ही ठिकाणी दवाखाना मोठा नव्हता की यंत्रे भारी नव्हती. डॉक्टरांनी विचारले, हात लावून तपासले, समजेल असे सांगितले आणि लिहून दिले. चांगल्या उपचाराची ओळख एवढीच.

वाईट अनुभव

मोटारसायकलवर पिशवी लावून येणाऱ्या ‘डॉक्टर’चा अनुभव पुष्कळांना असेल. तो काही विचारत नाही. बाटलीवरचे नाव दाखवत नाही. इंजेक्शन टोचतो, पैसे घेतो आणि निघून जातो. एका ताईंची शेळी गाभण होती. खाणे सोडले म्हणून तिला असेच इंजेक्शन टोचून घेतले आणि दोन दिवसांत ती गाभडली. काही औषधे गाभण जनावराला दिली तर गर्भ पडू शकतो. म्हणून गाभण आहे का, हा डॉक्टरचा पहिल्या प्रश्नांपैकी एक असायला हवा. पण औषध कोणते होते, हेच ताईंना ठाऊक नव्हते. मग जाब कुणाला आणि कशाचा विचारणार?

दुसरा अनुभव खासगी दवाखान्यातला. मुलांनी पाळलेल्या पिल्लाला उलट्या आणि रक्ताचे जुलाब सुरू झाले. तीन दिवस सलाईन, तपासण्या, इंजेक्शने झाली. आईने हातउसने पैसे आणले. चौथ्या दिवशी पिल्लू गेले. पिल्लू गेल्याचे दुःख होतेच. पण हा पार्वो नावाचा आजार आहे, त्याच्या विषाणूवर थेट औषध नाही, वाचण्याची खात्री देता येत नाही आणि खर्च इतका येईल, हे पहिल्या दिवशी कुणी सांगितलेच नाही. गाडीतून कुत्रे घेऊन आलेल्यांना आधी आत घेतले आणि आपल्याला दारात उभे केले, ही बोच वेगळीच.

तिसरा अनुभव सरकारी दवाखान्यातला. जावे तर कुलूप, नाहीतर औषध शिल्लक नाही, बाहेरून आणा. ही तक्रार खरी आहे. मात्र बऱ्याच ठिकाणी एकाच डॉक्टरकडे अनेक गावे असतात. लसीकरण आणि फिरतीवर ते बाहेर असतात. दवाखान्याची वेळ आणि फोन नंबर आधीच घेऊन ठेवला तर निम्मा हेलपाटा वाचतो.

जनावर दगावले म्हणजे डॉक्टर वाईट, असेही समजू नये. पार्वो झालेले पिल्लू किंवा उशिरा आणलेली शेळी चांगल्या डॉक्टरच्या हातूनही जाऊ शकते. डॉक्टरने तपासले का, सांगितले का, लिहून दिले का, हे पाहावे.

दवाखान्यात जाताना

माणूस कुठे दुखते ते सांगतो. जनावराच्या वतीने आपल्यालाच सांगावे लागते. म्हणून पुढील गोष्टी आठवून जा.

• खाणे-पिणे आणि रवंथ कधीपासून बंद आहे?
• शेण, लघवी, उलटी कशी आहे? जमले तर मोबाइलवर फोटो काढून न्या.
• गेल्या दोन दिवसांत वेगळे काय खाल्ले?
• मादी गाभण आहे का? किती महिन्यांची?
• आधी कुणी औषध दिले का? रिकामी बाटली किंवा पाकीट सोबत न्या. घरी काही दिले असेल तर लपवू नका.
• लस कधी दिली होती?

आणि डॉक्टरला हे विचारायला लाजू नका: आजार काय वाटतो? वाचण्याची आशा किती? आज किती खर्च येईल आणि पुढे किती? यापेक्षा कमी खर्चाचा उपाय आहे का? घरी काय दिसले तर लगेच परत आणायचे? पैसे कमी असतील तर ते सुरुवातीलाच सांगा. त्यात कमीपणा नाही. चांगला डॉक्टर त्याप्रमाणे उपचाराचा क्रम ठरवतो. औषधाचे नाव लिहून मागा, पैशांची पावती मागा.

डॉक्टर खरा की खोटा, हे विचारण्याचाही आपल्याला अधिकार आहे. भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा १९८४ नुसार पशुवैद्यकाची पदवी घेऊन नोंदणी केलेल्या व्यक्तीनेच जनावरांवर उपचार करायचे असतात. पदविका घेतलेले पशुधन पर्यवेक्षक डॉक्टरांच्या देखरेखीखाली किरकोळ सेवा देऊ शकतात. नोंदणीकृत डॉक्टरने हलगर्जी केली असे वाटले तर महाराष्ट्र राज्य पशुवैद्यक परिषदेकडे लेखी तक्रार करता येते. तेव्हा तुमच्याकडचा कागद आणि पावतीच उपयोगी पडते.

घरच्या घरी होणारे घात

काही मृत्यू दवाखान्याची पायरी चढण्याआधीच होतात. तापासाठी आपण घेतो ती पॅरासिटामॉलची गोळी मांजरासाठी विष आहे. अर्धी गोळीही तिचा जीव घेऊ शकते. माणसाच्या अंगदुखीच्या गोळ्या कुत्र्याला दिल्या तर पोटात जखमा होऊन रक्तस्राव होतो, मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. शेळी-गाईच्या गोचिडांचे औषध मांजराला लावू नये. ती अंग चाटते आणि विष पोटात जाते.

शेळीला औषध पाजतानाही जपावे. तोंड आभाळाकडे करून बाटली घशात रिकामी केली तर औषध फुप्फुसात उतरते, शेळीला न्यूमोनिया होतो आणि ती दगावते. तोंड सरळ ठेवावे, गालाच्या कडेने थोडे थोडे पाजावे, ठसका लागला की लगेच थांबावे.

कुत्रा-मांजर चावले तर

इथे मात्र जनावरांच्या दवाखान्याआधी माणसांचा दवाखाना. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. पण वेळेवर लस घेतली तर हा आजार टाळता येतो. चावा असो की नखाचा ओरखडा, जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवा. हळद, चुना, मिरची, तेल काही लावू नका. त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात जा. तिथे लस मोफत मिळते. पूर्वीसारखी पोटात चौदा इंजेक्शने आता नसतात. लस दंडात दिली जाते. डॉक्टर तारखा लिहून देतात, त्यातली एकही चुकवू नका. जखमेतून रक्त आले असेल तर लसीसोबत जखमेत द्यायचे वेगळे इंजेक्शनही लागते, ते आवर्जून विचारा. कुत्रा घरचाच आहे, दहा दिवस बघू, असे म्हणत लस लांबवू नका. कुत्र्यावर लक्ष ठेवायचे ते लस सुरू करून.

घरच्या कुत्र्याला तीन महिन्यांचा झाल्यावर रेबीजची लस द्यावी, डॉक्टर सांगतील तेव्हा दुसरा डोस आणि पुढे दरवर्षी एक. पार्वोची लस त्याच्याही आधी, सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू होते. वर सांगितलेल्या पिल्लाला ती मिळाली असती तर पुढचा खर्च आणि दुःख बहुधा टळले असते.

शेळी गाभडली किंवा मेली तर

गाभडलेले पिल्लू आणि वार उघड्या हाताने उचलू नका. प्लास्टिकची पिशवी हाताला घाला, खोल खड्डा करून पुरा, हात साबणाने धुवा. गरोदर बाईने तिकडे जाऊच नये. यातून ब्रुसेलासारखे जंतू माणसाला लागतात. मग महिनोन् महिने ताप येतो, सांधे दुखतात. शेळीचे दूध नेहमी उकळूनच प्या.

आजाराने मेलेली किंवा मरायला टेकलेली शेळी कापून वाटून घेण्याची सवय अजून काही ठिकाणी आहे. अचानक मेलेल्या जनावराच्या नाकातोंडातून काळपट रक्त येत असेल तर तो फाशी रोग असू शकतो. तो माणसालाही होतो. असे जनावर कापू नका, सोलू नका, डॉक्टरांना कळवा. १९२७ साली महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचे मांस सोडा, असे सांगितले होते. ते स्वाभिमानासाठी होते. आरोग्याच्या दृष्टीनेही तेच खरे आहे.

जायचे कुठे?

पहिला पर्याय जवळचा सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना. तिथे शुल्क खासगीपेक्षा बरेच कमी असते. ग्रामीण भागात १९६२ या मोफत क्रमांकावर फोन केला तर फिरत्या पशुवैद्यकीय पथकाची मदत मिळू शकते. मुंबई, नागपूर, परभणी, उदगीर आणि शिरवळ येथे पशुवैद्यक महाविद्यालये आहेत. अवघड आजारासाठी तिथल्या दवाखान्यात विचारावे. मुंबईकरांना परळचे बैलघोडा हॉस्पिटल पिढ्यान् पिढ्या माहीत आहे.

शेळ्यांसाठी आंत्रविषाराची लस पावसाळ्यापूर्वी आणि पीपीआरची लस डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यावी. एकेकाने फेऱ्या मारण्यापेक्षा बचत गट किंवा महिला मंडळाने वस्तीतल्या शेळ्या-कुत्र्यांची यादी करावी. गावात पशुधन विकास अधिकाऱ्यांना आणि शहरात महापालिकेला लसीकरण शिबिरासाठी लेखी अर्ज द्यावा, त्याची पोच घ्यावी. शिबिर विहाराच्या आवारात किंवा समाजमंदिरासमोर भरवता येईल. यादीतल्या प्रत्येक घरात एक वही ठेवावी. त्यात लसीची तारीख, डॉक्टरचे नाव आणि दिलेले औषध लिहावे. घरातल्या शाळकरी मुलामुलीकडे हे काम सोपवले तर वही नीट राहील. पुढच्या वेळी दवाखान्यात जाताना ती सोबत न्यावी.