एका नंदीचे बारा फोटो

तान्हा पोळा झाला की आमच्या महालात घरोघरचे लाकडी नंदी पुन्हा फळीवर जाऊन बसतात. यंदा त्यातला एक आम्ही खाली उतरवला आणि गटातल्या बायांच्या आठवी-नववीतल्या मुलींना त्याचं फोटो-कोलाज शिकवलं. कोलाज म्हणजे तुकडे चिकटवून केलेलं चित्र.

नंदीचा फोटो समोरून काढला तर शेपूट दिसत नाही. बाजूनं काढला तर एकच डोळा येतो. पण ज्या पोरीनं तो दोरीनं ओढत गल्लीभर फिरवला, तिला दोन्ही डोळे, शेपूट, पायाखालची चाकं, सगळं ठाऊक असतं. मग ते सगळं एकाच कागदावर का आणू नये? १९०७-०८ च्या सुमारास पॅरिसमध्ये पाब्लो पिकासो आणि जॉर्ज ब्राक या चित्रकारांनी हाच विचार धरला. एकाच चेहऱ्यात डोळा समोरून, नाक बाजूनं. याला क्युबिझम म्हणतात, मराठीत घनवाद. १९१२ मध्ये पिकासोनं चित्रावर वेताच्या विणीचं छापील मेणकापड चिकटवलं आणि भोवती दोराची चौकट केली. इंग्लंडचे डेव्हिड हॉकनी यांनी १९८२ मध्ये एकाच दृश्याचे कितीतरी फोटो जुळवून चित्रं केली. तुमच्या घरच्या लहान पोराला चूल काढायला सांगा. चूल समोरून काढेल आणि तव्यावरची भाकर वरून पाहिल्यासारखी गोल. त्याला कुणी पॅरिसला पाठवलेलं नसतं!

नंदी खिडकीजवळ स्टुलावर ठेवला. तो हलवायचा नाही, आपण फिरायचं. समोरून, मागून, वरून, जमिनीवर बसून, असे मोबाइलवर बारा फोटो. काही पूर्ण, काही फक्त शिंगाचे, झुलीचे, चाकाचे. साध्या कागदावर काळी-पांढरी प्रिंट पुरते, उलट रंग एकमेकांशी भांडत नाहीत. खरी चूक कापताना होते. मुली नंदीच्या कडेकडेनं नीट कापत जातात आणि हाती नुसतं स्टिकर उरतं. सरळ रेघेत, मोठे तिरके तुकडे करा, मागची भिंतही त्यात येऊ द्या. मग न चिकटवता अर्धा तास मांडत बसा. एका तुकड्यातली शिंगाची रेघ दुसऱ्यातल्या पाठीला जाऊन मिळाली की समजा, जमत आलं. खळ पातळ लावा, नाहीतर कागद फुगतो.

पुढच्या रविवारी एका मुलीला आईचं कोलाज करायचं होतं. ही बाई खानावळीसाठी घरी पोळ्या करून देते. ती म्हणाली, "जित्या माणसाच्या तोंडावर कात्री चालवतेस काय?" आम्हीही दचकलो, कारण भिंतीवरच्या फोटोला आपण कसं जपतो ते सगळ्यांनाच माहीत आहे. मुलीनं हट्ट केला नाही. आईला विचारून तिनं चेहरा सोडून बाकीचे फोटो काढले: लाटणारे हात, टाचा, अंबाडा, मागून पाठ. जुळवल्यावर पोळपाटावर पाच हात झाले आणि त्यांच्यावर वाकलेली एक पाठ.

आईनं ते बराच वेळ पाहिलं. मग म्हणाली, "माही पाठ इतकी वाकली हाय काय?"

स्वतःची पाठ कुणाला दिसते! आता तिच्याकडे पोळपाट जमिनीवर नसतो, बाकावर असतो, आणि ती उभ्यानं लाटते.

येत्या रविवारी मुली गांधीगेटचे, म्हणजे जुन्या जुम्मा दरवाज्याचे, फोटो काढणार आहेत, आतून आणि बाहेरून. सकाळी सातच्या आत जाणार, कारण नंतर गाड्यांमुळे तिथं पाय ठेवायलाही जागा नसते.