कुंडींतील नॅस्टर्शियम : फूल आणि भाजी

ज्याच्या खळ्यावर धान्याच्या राशी पडतात, त्यास चार कुंड्यांची गोष्ट काय सांगावी, अशी शंका वाचकांस येणें साहजिक आहे. परंतु प्रस्तुत लेखकाचें आयुष्य महसूल कचेरींत दुसऱ्यांच्या पिकांची नोंद करण्यांत गेलें. स्वतः पेरणी केली ती पेन्शन घेतल्यावर, आणि तीहि नॅस्टर्शियमची. त्यांत दोनदां ठेंच लागली. ती इतरांस लागूं नये म्हणून हा लेख.

ही वनस्पति मूळची दक्षिण अमेरिकेंतील अँडीज पर्वताकडील. पानें ढालीसारखीं वाटोळीं व फुलें शिरस्त्राणासारखीं, म्हणून लिनियस ह्या शास्त्रज्ञानें विजयस्तंभावरून तिचें 'ट्रोपिओलम' असें नांव ठेविलें. पानें, फुलें व कोंवळीं फळें हीं तिन्ही खाण्यास योग्य असून त्यांची चव अळिवासारखी तिखट लागते. कारण अळिवांतील गंधकयुक्त द्रव्यच हिच्यांतहि असतें.

लागवड.— पाऊस सरल्यावर, आश्विन-कार्तिकांत बीं पेरावें. तें वाटाण्याएवढें व कठीण सालीचें असतें. म्हणून रात्रभर पाण्यांत भिजवावें. दहा इंची कुंडीच्या तळाचें भोंक खापरीनें झांकून निचऱ्याची माती भरावी व अर्धा इंच खोल तीन बिया टोंचाव्या. आठ-दहा दिवसांत अंकुर दिसतात. जोमदार दोन रोपें ठेवून तिसरें काढावें. मुळें दुखावलेलीं ह्या रोपास सोसत नाहींत, म्हणून कायमच्या कुंडींतच पेरावें. ऊन भरपूर असावें. वरची माती सुकली म्हणजे पाणी द्यावें. सुमारें दोन महिन्यांत फुलें येतात व उन्हाळा तापला म्हणजे झाड संपतें.

खत.— पहिल्या वर्षीं मीं निम्मी माती व निम्में शेणखत घातलें. पानें तळहाताएवढीं झालीं. फूल एकहि नाहीं! उरलेलें बीं फुटक्या घमेल्यांतील मुरमाड मातींत टाकिलें होतें, तें मात्र फुलांनीं भरून गेलें. नत्र फार झालें कीं झाड पाल्यावर जातें. जमिनीची प्रत चांगली तितका आकार अधिक, हें जन्मभर लिहिणाऱ्या कारकुनास येथें उलटा हिशेब शिकावा लागला.

कीड.— दुसऱ्या वर्षीं मावा पडला. शेतावरून उरलेलें कपाशीचें औषध मीं फवारलें. दुसऱ्या दिवशीं धाकट्या नातीनें फूल तोडून तोंडाशीं नेलें. तिच्या आजीनें हात धरिला म्हणून निभावलें. त्याच सायंकाळीं साऱ्या कुंड्या उपटून पुरल्या. आतां मावा दिसतांच पाण्याची जोरदार धार मारतों व फार किडलेला शेंडा खुडून टाकितों. बींहि औषध न लावलेलेंच घेतों. शिवाय कण्हेरीसारखीं विषारी फुलेंहि अंगणांत असतात. तेव्हां कोणतें फूल खावयाचें व कोणतें नाहीं, हें मुलांस प्रथम शिकवावें.

उपयोग.— कोंवळीं पानें चिरून काकडीच्या कोशिंबिरींत घालावीं, वर फुलें पसरावीं. हिरवीं फळें मीठ घालून शिरक्यांत मुरवितात.

सारांश, ह्या पिकास करावयाचें थोडें व टाळावयाचें फार. खत देणारा व औषध मारणारा हात आंवरतां आला, तर यंदा एक कुंडी अवश्य करून पाहावी.