डबा लपवा, रंग टिकवा!

एका काळ्या बादलीने डबे लपवण्या-शोधण्याच्या खेळाचा नारळ फोडला. २ मे २००० रोजी अमेरिकी सरकारने नागरी जीपीएसमध्ये मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली आणि साध्या यंत्रालाही दहा-वीस मीटरांपर्यंत अचूक जागा दाखवता येऊ लागली. दुसऱ्याच दिवशी ओरेगॉन राज्यात डेव्ह अल्मर यांनी प्लास्टिकची बादली जंगलाच्या कडेला अर्धी पुरली. आत पुस्तकं, गलोल आणि बीन्सचा एक डबा ठेवला आणि जागेचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर जाहीर केले. तीन दिवसांत ती दोघांना सापडलीही. आज जगभर असे तीस लाखांहून अधिक डबे दडलेले आहेत आणि खेळाचं नाव आहे जिओकॅशिंग. डबा शोधायचा, आतल्या वहीत नाव लिहायचं, जसा होता तसा परत ठेवायचा.

बादलीचा काळा रंगही अगदी योग्य होता. प्लास्टिकमध्ये काजळीची पूड मिसळली की ती सूर्याची अतिनील किरणं शोषते आणि प्लास्टिक लवकर ठिसूळ होत नाही. गच्चीवरच्या पाण्याच्या टाक्या आणि शेतातले पाइप काळे दिसतात ते याचसाठी.

आता लपवण्यासाठी रंगवलेला असा डबा वरसावे नाक्याच्या आसपास ठेवायचा म्हटलं तर? ठाण्याकडून येणारा घोडबंदर रस्ता इथे मुंबई-अहमदाबाद महामार्गाला मिळतो. उत्तरेला वसईची खाडी, पाठीशी संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं रान. खाडीचा खारा वारा, ट्रकांची धूळ, झाडांखालची ओल आणि एप्रिल-मेचं ऊन, रंगाचे सगळे वैरी एकाच गावात जमलेत. पावसाचं तर बोलायलाच नको. जवळच्या सांताक्रूझ वेधशाळेने २६ जुलै २००५ च्या चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला होता. डब्याचा रंग इथे टिकला, तर तो कुठेही टिकेल.

बुडाचा त्रिकोण वाचा

चार बाजूंनी कड्या लागणारा, झाकणात रबर असलेला जेवणाचा डबा या खेळात सगळ्यांचा लाडका. तो उलटा करून बघा. बुडाला त्रिकोणात ५ हा आकडा असेल तर तो पॉलिप्रॉपिलीनचा. या प्लास्टिकवर रंग बसतच नाही. तेलकट तव्यावरच्या पाण्यासारखा तो गोळा होतो, वाळला तरी नखाने पापुद्रे निघतात. पण गाड्यांचे बंपर बहुधा याच जातीच्या प्लास्टिकचे असतात आणि ते तर वर्षानुवर्षं रंगलेले राहतात! गुपित आहे प्लास्टिक प्रायमरमध्ये. गाड्यांच्या रंगाच्या दुकानात तो मिळतो. डबा साबणाने धुवा, बारीक पॉलिश पेपरने घासून चमक घालवा, स्पिरिटने पुसा, मग प्रायमरचा पातळ हात द्या. निम्म्याहून जास्त यश इथेच मिळतं. वरचा रंग कुठल्या कंपनीचा, हा प्रश्न माझ्या मते फार नंतरचा.

झाकणातल्या रबराला मात्र रंगाचा थेंबही लागू देऊ नका. रंग वाळला की तिथे उंचवटा येतो, झाकण नीट दबत नाही आणि पाणी आत शिरतं. रबर काढून ठेवा, कड्यांच्या सांध्यांवर चिकटपट्टी लावा.

पत्र्याच्या डब्याची तऱ्हा वेगळी. नव्या जस्ताच्या पत्र्यावर थेट ऑइलपेंट मारला तर तो काही महिन्यांत सोलून निघतो. दोष रंगाऱ्याचा नसतो. ऑइलपेंटमधलं तेल आणि जस्त यांची रासायनिक क्रिया होऊन मधे साबणासारखा थर तयार होतो आणि रंगाची पकड सुटते. अशा पत्र्याला आधी एच (etch) प्रायमर लागतो. साध्या लोखंडाला रेड ऑक्साइड चालतं, पण गंजाचा कणही मागे राहता कामा नये. खाडीजवळ मिठामुळे गंज रंगाखालूनही पसरत जातो.

शेंदूर आणि गोल्डन गेट

मारुतीचा शेंदूर आणि सॅन फ्रान्सिस्कोचा गोल्डन गेट पूल, यांचं नातं आहे. पारंपरिक शेंदूर म्हणजे शिशाचं ऑक्साइड. तेलात कालवून लावलं की ते तेलाशी संयोग पावतं आणि घट्ट, पाण्याला न जुमानणारा थर धरतं. म्हणूनच आपल्याकडच्या देवांवर वर्षानुवर्षांच्या शेंदराचं कवच चढतं. वणीच्या सप्तशृंगी देवीच्या मूर्तीवरचा असा जाड थर २०२२ मध्ये काढण्यात आला, तेव्हा खालची मूळ मूर्ती पाहून भाविक हरखून गेले. नेमका हाच पदार्थ एकेकाळी जगभरच्या लोखंडी पुलांचं अस्तर होता. १९३७ मध्ये खुल्या झालेल्या गोल्डन गेटच्या पोलादाला हेच अस्तर होतं. त्याची लाली वास्तुकार आयर्विंग मॉरो यांना इतकी भावली की पुलाचा कायमचा रंग त्याच छटेचा ठरला!

शिसं विषारी असल्यामुळे आता पुलांवर जस्ताची अस्तरं आली. भारतातही घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांपेक्षा जास्त नसावं, असा नियम नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे. डबे मुलं हाताळतात, तेव्हा माळ्यावरचा जुना रंग वापरू नका. नवा घ्या, रंगाच्या डब्यावरची चिठ्ठी वाचून घ्या.

हिरवा रंग फसवतो

जंगलात लपवायचंय म्हणून सगळे हिरवा रंग निवडतात. जुलैत तो झकास लपतो. पण इथलं रान पानगळीचं, सागाचं. मार्चमध्ये सगळीकडे करडं-तपकिरी झालं की हिरवा डबा लांबूनच दिसतो. बारा महिने लपतो तो झाडाच्या सालीचा रंग. आधी तपकिरी, त्यावर स्पंजने राखाडी ठिपके, मधेमधे मळकट पिवळा. रंग ओला असताना चिमूटभर बारीक वाळू भुरभुरली की खरखरीत साल तयार. शेवटचा हात बिनचकाकीच्या वार्निशचा, कारण चकाकी उन्हात लगेच डोळ्यांत भरते.

उन्हात न विटणारा रंग हवा तर गेरू आठवा. गेरूची लाली लोहाच्या ऑक्साइडची. अजिंठ्याच्या भिंतींवर ती दीड हजार वर्षांनंतरही दिसते. झगझगीत गुलाबी आणि लाल रंगांमागची बरीच सेंद्रिय रंगद्रव्यं मात्र दोन-तीन उन्हाळ्यांतच फिकी पडतात.

गेरूवर वारली चित्रं काढायचा मोह होणारच आणि तो जरूर पूर्ण करावा. पद्मश्री जिव्या सोमा म्हसे यांनी डहाणूच्या गंजाडमधून ही कला जगभर नेली. मूळ चित्रं झोपडीच्या आतल्या भिंतींवर, तांदळाच्या पिठाने काढलेली. ते पीठ एका सरीत धुऊन जाईल. डब्यावर पांढरा अ‍ॅक्रिलिक घ्या आणि वरून वार्निश मारा. तारपा या वाद्याभोवती फेर धरलेली माणसं गोल डब्यावर काय शोभतात!

हे सगळं पावसाळ्यात मात्र करू नका. दमट हवेत स्प्रेचा थिनर झपाट्याने उडतो, पृष्ठभाग थंड पडतो, त्यावर बाष्प धरतं आणि रंगावर पांढुरकी झाक येते. दिवाळी ते होळी हा उत्तम काळ. एका जाड हातापेक्षा तीन पातळ हात द्या, दोन हातांमध्ये वाळायला वेळ द्या आणि शेवटी डबा आठवडाभर सावलीत ठेवा.

ज्यांना रंगवायचंच नाही त्यांच्यासाठी सोपी वाट म्हणजे शीतपेयाच्या बाटल्या फुगवण्याआधीची जाड नळी. बोटभर उंचीची, घट्ट झाकणाची, पाण्याला दाद न देणारी. जुनी फिल्मची डबी मात्र दिसते पक्की, पण पावसात पाणी घेते. या खेळाचे पूर्वज काचेवर विसंबले होते. १८५४ मध्ये इंग्लंडच्या डार्टमूर माळावर जेम्स पेरट यांनी एक बाटली ठेवली आणि तिथवर चालत येणारे तीत आपलं नावाचं कार्ड टाकू लागले.

आत वहीसोबत पेन नको, पेन्सिल ठेवा. ओलीत शाई पसरते, शिसपेन्सिलीचं अक्षर तसंच राहतं. खाऊ अजिबात नको, मुंग्या, उंदीर आणि माकडं तो आधी शोधतात.

आणि जागा निवडताना मन घट्ट करा. राष्ट्रीय उद्यानात, घोडबंदर किल्ल्याच्या भिंतीत किंवा महामार्गाच्या पुलाखाली डबा ठेवू नका. बेवारस डब्यामुळे बॉम्बशोधक पथक धावून आल्याच्या घटना परदेशात घडल्या आहेत. ओळखीच्या माणसाची वाडी किंवा सोसायटीची बाग परवानगी घेऊन निवडा. रंग कितीही बेमालूम असला, तरी झाकणावर मराठीत आणि हिंदीत ठळक लिहा: हा खेळाचा डबा आहे, यात धोकादायक काही नाही. ती अक्षरंही वार्निशखालीच घ्या.