सुई हलली की नाही?

मंडळी, आजचा विषय जाहीर झाला तेव्हा दोघा-तिघांनी फोन करून विचारलं, "सर, तत्त्वज्ञान सोडलं का?" सोडलेलं नाही. जन्मभर आम्ही वर्गात एकच प्रश्न वेगवेगळ्या तऱ्हांनी विचारत आलो, की जे डोळ्यांना दिसत नाही ते आहे किंवा नाही, हे आपण कशावरून म्हणतो? आज हाच प्रश्न पेट्रोल गाडीच्या इंजेक्टरला विचारायचा आहे.

बडनेऱ्यात वाढलेल्यांना स्टेशनवरचं एक दृश्य आठवत असेल. मेल गाडी थांबली की लांब दांड्याची हातोडी घेतलेला एक माणूस डब्यांच्या कडेने चालायचा आणि प्रत्येक चाकावर एक ठोका मारून पुढे जायचा. चाक धड असेल तर घंटेसारखं वाजायचं, तडा गेला असेल तर बद्द आवाज यायचा. चाक खोलायचं नाही, काढायचं नाही. नुसतं विचारायचं आणि उत्तर ऐकायचं. लहानपणी आम्हाला तो माणूस स्टेशन मास्तरपेक्षा मोठा वाटायचा. आज ज्या यंत्राविषयी बोलणार आहोत, ते त्याच माणसाच्या जातीचं आहे.

आता गाडीची हकीकत. आमची जुनी चार सिलिंडरची पेट्रोल गाडी अकोल्याच्या वाटेवर मूर्तिजापूरच्या अलीकडे मिसिंग मारायला लागली. रस्ता तोच, ज्यावर जून २०२२ मध्ये १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटर डांबरीकरण करून विक्रम नोंदवला गेला. म्हणजे खड्ड्याला दोष द्यायची सोय नव्हती. कशीबशी परत आणली आणि एका गॅरेजमध्ये दिली. नाव घेत नाही, घ्यायचं कारणही नाही. त्यांनी स्कॅनर लावला, कोड आला पी०३०३, म्हणजे तिसऱ्या सिलिंडरमध्ये मिसफायर. प्लग बदलले, कॉइल बदलली, मग तिसरा इंजेक्टर बदलला. गाडी होती तशीच. मग म्हणाले, एक नवा अन् तीन जुने असं जमत नाही, चारही टाका. टाकले. पेन्शनीतला मोठा घास गेला आणि गाडी होती तशीच.

यापुढचं सांगताना आम्हाला लाज वाटते. इंजेक्टर बसवण्याचं काम तिथल्या एका कोवळ्या पोराने केलं होतं. मालक म्हणाला, यानेच बसवताना काहीतरी बिघडवलं. आम्ही ते मानलं आणि त्याला दोन शब्दही सुनावले. आठवडाभरात त्याला कामावरून काढलं. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एक गाठ पडली, एवढाच काय तो पुरावा होता. आणि पस्तीस वर्षं तर्कशास्त्र शिकवलेला माणूस तिथे उभा राहून मान डोलावत होता.

असो. इंजेक्टर म्हणजे काय ते आधी पाहू. तांब्याच्या तारेचं वेटोळं, त्याच्या पोटात लोखंडी गाभा, गाभ्याला जोडलेली सुई, आणि सुईला खाली दाबून धरणारी स्प्रिंग. वेटोळ्यातून वीज गेली की चुंबक तयार होतं, सुई किंचित वर उचलली जाते आणि दाबाखालचं पेट्रोल बारीक छिद्रांतून फवारलं जातं. वीज बंद झाली की स्प्रिंग सुईला खाली बसवते. बारा व्होल्टचं कनेक्शन कायम दिलेलं असतं. ईसीयू दुसरं टोक अर्थला जोडतो आणि सोडतो. नळाची तोटी सोडावी-बंद करावी तसं. १ एप्रिल २०२०ला बीएस-सहा लागू झाल्यापासून हे प्रकरण आपल्या मोटरसायकलींतही आलं आहे. कार्बोरेटर साफ करून पोट भरणाऱ्या मिस्त्रींना ते कळणं आता गरजेचंच झालंय.

हे किती वेगाने चालतं? इंजिन आयडलला ८०० फेऱ्यांवर असेल तर सुई दर दोन फेऱ्यांना एकदा उघडते, म्हणजे १५० मिलिसेकंदांतून एकदा. उघडायचा हुकूम असतो साधारण तीन मिलिसेकंदांचा. मल्टिमीटरला हे दिसणं शक्य नाही. तो सरासरी दाखवतो, आणि सरासरीत शहाणे-वेडे सगळे सारखे होतात. ऑसिलोस्कोप मात्र काळ आडवा मांडतो, वीज उभी मांडतो आणि त्या तीन मिलिसेकंदांचं चित्र काढतो.

त्याच्या जोडीला करंट क्लॅम्प लागतो. हा चिमटा तारेभोवती बसतो, तार तोडावी लागत नाही, सोलावीही लागत नाही. तारेतून वीज वाहिली की भोवती चुंबकीय क्षेत्र तयार होतं, आणि चिमट्यातला हॉल सेन्सर ते मोजतो. एडविन हॉलने हा परिणाम १८७९ मध्ये शोधला, तेव्हा मोटारगाड्यांचा धंदा सुरूही झाला नव्हता! चिमट्यात एकच तार घ्यायची. दोन्ही घेतल्या तर जाणारी वीज आणि येणारी वीज एकमेकींना खाऊन टाकतात आणि पडद्यावर सपाट रेघ येते. क्लॅम्प लावण्याआधी शून्यावर आणायचा. आणि रेघ उलटी, खालच्या दिशेने आली तर घाबरायचं नाही, चिमटा फिरवून लावायचा.

पडद्यावर काय दिसतं? ईसीयूने अर्थ दिला की वीज एकदम वर जात नाही. वेटोळं तिला अडवतं, म्हणून रेघ टेकडीसारखी हळूहळू वाकत चढते. या जातीच्या इंजेक्टरचा रोध १२ ते १६ ओहम असतो. १३.५ व्होल्ट भागिले १२ ओहम, म्हणजे सव्वा अँपिअरच्या आत रेघ टेकते. हे ओहमच्या नियमाने शाळेतलं पोरगंही सांगेल. गंमत पुढेच आहे. चढता चढता मध्येच रेघेला एक छोटासा खळगा पडतो, मग ती परत चढते. तो खळगा म्हणजे सुई हलल्याची खूण. गाभा वर सरकतो तशी मधली फट कमी होते, वेटोळ्यातलं चुंबकीय क्षेत्र बदलतं, आणि त्या बदलातून वीज उलटी ढकलली जाते. तेवढ्यापुरती चढण मंदावते किंवा किंचित घसरते. सुई थांबली की परत चढण सुरू.

बघा, सुई लोखंडाच्या पोटात आहे. तिला कोणी पाहिलेलं नाही. पण तिने हलताना आपल्याच विजेवर ओरखडा काढला. न्यायसूत्रांत अनुमानाचे तीन प्रकार सांगितलेत, त्यांतलं शेषवत् म्हणजे कार्यावरून कारणाकडे जाणं. नदीला गढूळ पूर आला, त्यावरून वरच्या अंगाला पाऊस पडला असं म्हणतो, तसंच खळग्यावरून सुई हलली असं म्हणायचं.

पण इथेच सावध राहायचं. धूर आहे तिथे अग्नी आहे, हे बरोबर. अग्नी आहे तिथे धूर आहे, हे बरोबर नाही. तापलेल्या लोखंडी गोळ्याला धूर कुठला? तिथे ओल्या लाकडाची अट लागते. नैयायिक त्या छुप्या अटीला उपाधी म्हणतात. खळगा दिसला, सुई हलली, इथवर ठीक. सुई हलली म्हणून पेट्रोल नीट पडलं, असं मात्र म्हणता येत नाही. छिद्रं साफ हवीत, पंपाचा दाब हवा. कचऱ्याने तोंड बुजलेला इंजेक्टर पडद्यावर देखणी रेघ काढतो आणि सिलिंडरला उपाशी ठेवतो. त्याची परीक्षा वेगळी: प्रत्येक इंजेक्टर सारख्याच वेळा उघडून रेलमधला दाब किती उतरतो ते पाहायचं, किंवा काढून नळ्यांच्या स्टँडवर मोजायचं.

आणि खळगा दिसलाच नाही तर? सुई अडकली असं लगेच म्हणू नका. भाट्ट मीमांसक आणि अद्वैती अनुपलब्धीला, म्हणजे न दिसण्याला, स्वतंत्र प्रमाण मानतात. पण असती तर दिसलीच असती, अशा वस्तूच्याच बाबतीत. उजेडात जमिनीवर घडा दिसला नाही तर घडा नाही. अंधारात दिसला नाही तर काहीच सिद्ध होत नाही. काही इंजेक्टरांचा खळगा मुळातच पुसट असतो, कधी क्लॅम्पची रेघ जाडीभरडी असते. म्हणून त्याच गाडीचे बाकीचे तीन इंजेक्टर शेजारी ठेवून पाहायचे. तिघांना खळगा आहे आणि चौथ्याला नाही, तेव्हा त्या नसण्याला किंमत येते.

आमच्या गाडीकडे येऊ. कोणीतरी बडनेऱ्यातल्याच एका मिस्त्रीचं नाव सांगितलं. चाळिशीचा माणूस, लॅपटॉप कळकट, बोलणं अस्सल वऱ्हाडी. त्याने काहीच खोललं नाही. एकेका इंजेक्टरच्या तारेला क्लॅम्प लावत गेला. पहिला, दुसरा, चौथा: रेघ १.१ अँपिअरपर्यंत, खळगा दीड मिलिसेकंदाच्या आसपास. तिसऱ्याची रेघ ०.६च्या आसपासच दमली, आणि खळगा अडीच मिलिसेकंदांच्याही पुढे. त्याने आमच्याकडे पाह्यलं आणि म्हणाला, "सर, सुई हालते, पन उशिरा हालते. तुमाले इंजेक्टर नवे टाकून देल्ले, तारेले कोनी पाह्यलंच नाई."

हिशेब आम्हीही मांडला. १३.५ भागिले ०.६ म्हणजे साधारण २२ ओहम. इंजेक्टरचे १२, मग वरचे १० आले कुठून? त्याने कपलर काढला. एका पिनेवर हिरवा गंज चढला होता आणि ती आत ढिली झाली होती. तीन मिलिसेकंदांचा हुकूम, त्यातले अडीचच्या वर सुई उठण्यात गेले. पेट्रोल पडणार किती? आधीच्या गॅरेजने कपलर काढून इंजेक्टरचा रोध मोजला होता, तो १२ आला. येणारच! दोष कपलरच्या तारेकडच्या बाजूला होता आणि मोजताना तोच बाजूला काढून ठेवला होता. दिवा लावूनही पाहिला होता, तो लुकलुकला. एवढ्याशा विजेवर लुकलुकायला त्याचं काय जातं?

पिन बदलली, तार नीट दाबून बसवली, परत क्लॅम्प लावला. चारही रेघा एकीवर एक ठेवल्या तर ओळखू येईनात. पूर्ण काम पाऊण तासाचं. गंज जुना होता, पोराने इंजेक्टरला हात लावण्याच्या कितीतरी आधीचा. त्याला शोधत आम्ही दोनदा गेलो. दुसऱ्या खेपेला तो एका टू-व्हीलर गॅरेजात भेटला. झालं ते सांगितलं, चुकलो म्हणालो. तो म्हणाला, "राहू द्या सर," आणि परत कामाला लागला. आम्हाला ते पुरेसं वाटलं नाही, पण त्याच्यापाशी आणखी मागण्याचा हक्कही नव्हता.

मागे एका शेतकरी बंधूंनी चिठ्ठी पाठवली आहे: ट्रॅक्टरच्या नोझलला हे चालेल का? जुन्या ट्रॅक्टरच्या नोझलमध्ये वेटोळंच नसतं. डिझेलच्या दाबानेच ती सुई उचलली जाते, तिथे क्लॅम्प कशावर लावणार? तिची तपासणी हातपंपाच्या टेस्टरवर, कितव्या दाबाला उघडते आणि फवारा कसा पडतो हे पाहून करतात. नव्या कॉमन रेलमध्ये वेटोळं असतं, पण वीज सुरुवातीला वीस अँपिअरपर्यंत उसळते. क्लॅम्पची मोठी रेंज घ्या, आणि इंजिन चालू असताना पाइप सैल करून पाहायची जुनी सवय तिथे अजिबात नको. त्या दाबाची डिझेलची धार कातडीतून आत शिरते.

दुसरी चिठ्ठी: क्लॅम्प घेतला, पण महिन्याभरात बंद पडला. बहुधा बंद पडलेला नसावा. बऱ्याच क्लॅम्पमध्ये नऊ व्होल्टचा छोटा सेल असतो, आणि काम झाल्यावर बटण बंद करायचं राहून जातं. सेल बदलून पाहा.