काचबिंदू: जनुकापेक्षा नातं बोलकं

काचबिंदू असलेल्या रुग्णाच्या भावंडांची आणि मुलांची नेत्रतपासणी व्हायलाच हवी, आणि त्यासाठी जनुक चाचणीची वाट पाहण्याचं कारण नाही. मायोसिलिन हे काचबिंदूशी जोडलेलं जनुक 1997 मध्ये ओळखलं गेलं. पुढे कोलकात्यात जादवपूरच्या भारतीय रासायनिक जीवविज्ञान संस्थेत कुणाल राय आणि सहकाऱ्यांनी भारतीय रुग्णांमध्ये त्याचे बदल शोधले, तेव्हा ते मोजक्याच रुग्णांत सापडले. जगभरातही प्रौढांच्या काचबिंदूत या जनुकाचा वाटा सुमारे 2 ते 4 टक्केच आहे. बाकीच्यांत अनेक जनुकांचे बारीक परिणाम, वय आणि डोळ्यातला दाब एकत्र येतात.

मग आनुवंशिकता किरकोळ म्हणायची का? मुळीच नाही. नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमच्या पाहणीत रुग्णांच्या सख्ख्या नातलगांना आयुष्यभरातला धोका सुमारे 22 टक्के, तर इतरांना 2.3 टक्के आढळला. ‘रक्तातच असेल तर तपासून काय उपयोग?’ हा प्रश्न घरोघर ऐकू येतो, आणि तोच सर्वांत घातक. गेलेली दृष्टी परत येत नाही, पण थेंबांनी दाब उतरवला तर उरलेली बहुधा टिकते. दुखत नाही म्हणून थांबू नका. चाळिशीनंतर दाबासोबत डोळ्याचा मज्जातंतूही तपासून घ्या.