स्मार्ट टीव्ही, कौटुंबिक खाजगीपणा आणि संमतीचा प्रश्न : एक विवेचन

प्रस्तावना

भारतात दूरचित्रवाणीचे प्रायोगिक प्रक्षेपण १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्ली येथे सुरू झाले. मुंबई केंद्राचा प्रारंभ २ ऑक्टोबर १९७२ रोजी झाला. पुढे केबल आली, डिश आली, वाहिन्यांची संख्या शेकड्यांवर गेली. परंतु या माध्यमाचा एक मूलभूत गुणधर्म दीर्घकाळ कायम राहिला. प्रक्षेपण केंद्राकडून घराकडे येत असे आणि घरातून केंद्राकडे काहीही परत जात नसे. कोणत्या घरात कोणता कार्यक्रम चालू आहे, हे त्या घरातील माणसांना आणि फार तर भिंतीपलीकडच्या शेजाऱ्यांना ठाऊक असे. इंटरनेटशी जोडलेल्या, म्हणजेच स्मार्ट, टीव्हीने हा एकमार्गीपणा संपुष्टात आणला. आज दिवाणखान्यातील संच जसा दाखवतो, तसा तो कळवतोही.

या विषयावरील चर्चा सामान्यतः हॅकरभोवती फिरते. दूरवर बसलेला कुणी अनोळखी इसम आपल्या टीव्हीच्या कॅमेऱ्यातून घरात डोकावेल, ही ती भीती. ती अगदीच अनाठायी नाही. तथापि आजवर उघडकीस आलेली प्रकरणे पाहता अधिक व्यापक धोका निराळा आहे. कुणी संच फोडल्यामुळे नव्हे, तर संच ठरवल्याप्रमाणे नीट चालत असल्यामुळेच घरातील माहिती बाहेर जाते. आणि तीही कागदोपत्री कुटुंबाच्या संमतीने. ही संमती नेमकी कोणाची, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

पडद्यावरील दृश्याची ओळख

स्मार्ट टीव्हीतील माहितीसंकलनाचा गाभा म्हणजे 'ऑटोमॅटिक कंटेंट रेकग्निशन' हे तंत्र. याला मराठीत 'आशयाची स्वयंचलित ओळख' असे म्हणता येईल. पडद्यावर जे दृश्य उमटते त्यातील काही ठरावीक बिंदूंचे रंग, किंवा ध्वनीचे काही अंश, संच ठरावीक अंतराने टिपतो. त्यांपासून एक संक्षिप्त सांकेतिक ठसा तयार होतो आणि तो इंटरनेटद्वारे कंपनीच्या संगणकाकडे जातो. तेथे हजारो कार्यक्रम, चित्रपट व जाहिराती यांचे ठसे आधीच साठवलेले असतात. दोन ठसे जुळले की अमुक घरात अमुक क्षणी अमुक कार्यक्रम चालू होता, ही नोंद पक्की होते. बोटाच्या ठशावरून माणूस ओळखता येतो, पण त्याचा चेहरा रेखाटता येत नाही. त्याचप्रमाणे या ठशावरून मूळ दृश्य पुन्हा उभे करता येत नाही. कंपन्या हा मुद्दा आपल्या बचावासाठी आवर्जून मांडतात आणि तांत्रिकदृष्ट्या तो चुकीचा नाही. परंतु ज्याला प्रेक्षकाची आवडनिवड विकावयाची आहे त्याला दृश्याची गरजच नसते. त्याला नाव पुरते.

हे तंत्र संचाच्या पडद्यापाशी काम करते, ही त्यातील लक्षात घेण्याजोगी बाब. कार्यक्रम कोणत्या मार्गाने आला याच्याशी त्याला फारसे कर्तव्य नसते. लंडन, कॅलिफोर्निया व माद्रिद येथील विद्यापीठांच्या संशोधकांनी २०२४ मध्ये सॅमसंग व एलजी या कंपन्यांच्या संचांमधून बाहेर जाणाऱ्या माहितीचा मागोवा घेतला. एलजीचा संच सुमारे दर १५ सेकंदांनी, तर सॅमसंगचा संच सुमारे दर मिनिटाला ठसे पाठवीत असल्याचे त्यांना आढळले. नेटफ्लिक्ससारख्या त्रयस्थ ॲपवरील कार्यक्रम पाहताना हा प्रवाह बहुतांशी थांबे. मात्र एचडीएमआय तारेने जोडलेल्या उपकरणातील दृश्य दाखवताना तो चालूच राही. म्हणजे संच केवळ संगणकाचा पडदा म्हणून वापरला तरी ठसे जातच होते.

शिक्षकवर्गाच्या दृष्टीने ही नोंद दुर्लक्षणीय नाही. घरच्या टीव्हीला लॅपटॉप जोडून व्याख्यानाची तयारी करणे किंवा बैठकीला उपस्थित राहणे हे २०२० नंतर अंगवळणी पडले आहे. गुणपत्रिकेचा किंवा एखाद्या खाजगी छायाचित्राचा ठसा कंपनीच्या संग्रहातील कशाशीही जुळणार नाही, हे खरे. तरीही तो घराबाहेर गेलेला असतो, आणि कोणता ठसा जुळेल व कोणता नाही, हे पाहणाऱ्याच्या हाती नसते.

विझिओ प्रकरण

या व्यवहाराचे अंतरंग सर्वांत स्पष्टपणे उघड झाले ते अमेरिकेतील विझिओ या टीव्ही कंपनीच्या प्रकरणात. तेथील फेडरल ट्रेड कमिशन आणि न्यू जर्सी राज्य यांनी फेब्रुवारी २०१७ मध्ये कंपनीविरुद्ध तक्रार दाखल केली. फेब्रुवारी २०१४ पासून सुमारे १ कोटी १० लाख संचांतून पाहण्याचा तपशील क्षणाक्षणाला गोळा केला जात होता, असे तक्रारीत म्हटले होते. नवीन संचांत ही सोय आधीपासूनच चालू असे. आणि जे संच पूर्वीच विकले गेले होते त्यांत ती दुरून, इंटरनेटद्वारे, बसविण्यात आली होती. विकत घेतलेली वस्तू घरात आल्यानंतर तिचा स्वभाव बदलला जावा आणि मालकाला त्याचा पत्ताही नसावा, ही गोष्ट ग्राहकहक्कांच्या जुन्या चौकटीत बसत नाही.

दररोज १०० अब्जांपर्यंत, म्हणजे १० हजार कोटींपर्यंत, माहितीचे अंश या संचांतून जमा होत असल्याचा उल्लेख तक्रारीत आहे. कंपनी ही माहिती घराच्या आयपी पत्त्यासह इतरांना विकत असे. त्या पत्त्याच्या आधारे घरातील व्यक्तींचे वय, लिंग, उत्पन्न, वैवाहिक स्थिती, शिक्षण व घराची मालकी असे तपशील जोडले जात. नाव तेवढे जोडण्यास मनाई होती! इतके सारे ठाऊक झाल्यावर नावाची उणीव कितपत उरते, हा प्रश्न वाचकांवर सोपवावा लागेल. आणि या सोयीला कंपनीने दिलेले नाव होते 'स्मार्ट इंटरॲक्टिव्हिटी'. पाळत या अर्थाची छटाही त्यात नाही. अखेर २२ लाख डॉलर भरणे, १ मार्च २०१६ पूर्वी गोळा केलेली माहिती नष्ट करणे आणि यापुढे ठळक सूचना देऊन स्पष्ट संमती घेणे, या अटींवर तडजोड झाली.

ही तडजोड झाल्याने व्यवसाय मंदावला असे मात्र नाही. २०२१ मध्ये भांडवली बाजारात उतरल्यानंतर विझिओच्या आर्थिक अहवालांतून दिसले की, जाहिराती व प्रेक्षकविषयक माहिती यांपासूनचा तिचा नफा संचविक्रीच्या नफ्याहून अधिक होऊ लागला होता. वॉलमार्टने डिसेंबर २०२४ मध्ये ही कंपनी सुमारे २३० कोटी डॉलरना खरेदी केली. मोठ्या पडद्याचे संच इतके स्वस्त कसे झाले, या कोड्याचे एक उत्तर येथे सापडते. डिसेंबर २०२५ मध्ये अमेरिकेतील टेक्सास राज्याच्या महाधिवक्त्यांनी याच तंत्राच्या कारणावरून सोनी, सॅमसंग, एलजी, हायसेन्स व टीसीएल या पाच कंपन्यांवर दावे दाखल केले. यावरून प्रश्न एका कंपनीपुरता नाही हे दिसून येते.

आवाज, कॅमेरा व बाहेरील शिरकाव

आवाजाने चालणाऱ्या संचांबाबत २०१५ मध्ये जगभर गदारोळ झाला. बोललेल्या शब्दांत वैयक्तिक किंवा संवेदनशील माहिती असल्यास तीही त्रयस्थ कंपनीकडे पाठवली जाऊ शकते, असा मजकूर सॅमसंगच्या धोरणपत्रात आढळला होता. मार्च २०१७ मध्ये विकिलिक्सने प्रसिद्ध केलेल्या कागदपत्रांतून अमेरिकेच्या गुप्तहेर संस्थेचे 'वीपिंग एंजल' हे साधन उघड झाले. त्यामुळे सॅमसंगचे काही संच बंद असल्याचा आभास निर्माण करून खोलीतील संभाषण ध्वनिमुद्रित करू शकत. परंतु ते साधन बसविण्यासाठी यूएसबीद्वारे प्रत्यक्ष संचापर्यंत पोहोचावे लागे. सर्वसामान्य कुटुंबासाठी हा धोका फारसा संभवनीय नाही.

त्याहून जवळचा धोका आहे तो स्वस्त, अनोळखी बनावटीच्या अँड्रॉइड टीव्ही बॉक्सचा. जुन्या टीव्हीला जोडले की तो स्मार्ट होतो, म्हणून हे डबे लोकप्रिय आहेत. त्यांपैकी काहींत कारखान्यातून किंवा विक्रीच्या साखळीतूनच घातक प्रणाली घातलेली असते. अशा उपकरणांच्या 'बॅडबॉक्स २.०' या जाळ्याविषयी अमेरिकेच्या एफबीआयने जून २०२५ मध्ये इशारा दिला. पुढच्याच महिन्यात गुगलने त्याच्या चालकांविरुद्ध न्यूयॉर्क येथील न्यायालयात दावा दाखल केला. बाधित उपकरणांची संख्या १ कोटीहून अधिक असल्याचे त्या वेळी सांगण्यात आले. यात मालकाचे चित्रीकरण करणे हा हेतू नसतो. त्याच्या घरचे इंटरनेट इतरांच्या गैरकृत्यांसाठी आडमार्ग म्हणून वापरले जाते. तपास यंत्रणेला गुन्ह्याचा जो आयपी पत्ता सापडतो तो मग या निरपराध कुटुंबाचा असतो.

उपाय काही अंशी सोपे आहेत. वरील २०२४ च्या अभ्यासात, संचाच्या सेटिंगमध्ये जाऊन ही ओळख बंद केल्यास ठशांचा प्रवाह थांबत असल्याचे आढळले. सॅमसंगमध्ये ती 'व्ह्यूइंग इन्फर्मेशन सर्व्हिसेस' या नावाखाली, तर एलजीच्या संचांत 'लाइव्ह प्लस' या नावाखाली असते. नावे अशी की शोधणाऱ्याला शंका येऊ नये. संचाची प्रणाली अद्ययावत ठेवणे, राउटरवर त्याच्यासाठी वेगळे 'गेस्ट' नेटवर्क देणे, आणि गरज नसल्यास त्याला इंटरनेटशी न जोडणे, हेही शक्य आहे. जुना संच विकताना किंवा भंगारात देताना त्यातील खाती पुसून टाकण्याचा मात्र बहुतेकांना विसर पडतो.

संमती कोणाची?

कोण काय पाहतो याची मोजदाद करणे ही गोष्ट नवी नाही. भारतात ब्रॉडकास्ट ऑडियन्स रिसर्च कौन्सिल हे काम करते. त्यासाठी निवडक घरांत मापनयंत्र बसविले जाते. त्या घरांना त्याची पूर्ण कल्पना असते, घरांची ओळख गुप्त ठेवली जाते आणि टीव्हीसमोर बसणारा प्रत्येक सदस्य स्वतःच्या क्रमांकाचे बटण दाबून आपली उपस्थिती नोंदवतो. स्मार्ट टीव्हीत प्रत्येक घरच नमुना ठरते, आणि नोंदीचे बटण कुणालाही दाबावे लागत नाही.

संमतीचे बटण मात्र एकदाच दाबले जाते. संच घरी येतो, दुकानाकडून आलेला तंत्रज्ञ तो भिंतीवर बसवतो, वाय-फायचा पासवर्ड विचारतो आणि पडद्यावर एकामागून एक येणाऱ्या अटींना 'मान्य' म्हणत पुढे जातो. काही घरांत हे काम शाळकरी मुलगा करतो, कारण घरात त्यालाच ते जमते. त्या एका बटणाने आजी रात्री लावते ती कीर्तने, वडील पाहतात ती आजाराविषयीची व्याख्याने, मुलांची व्यंगचित्रे आणि पाहुण्यांनी लावलेला चित्रपट, या सर्वांच्या नोंदीला मान्यता मिळते. भ्रमणध्वनी एका व्यक्तीचा असतो, टीव्ही कुटुंबाचा. कायद्याची संमती मात्र व्यक्तीची आहे. या विसंगतीकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही.

अमेरिकेत या प्रश्नाचा एक जुना दाखला आहे. १९८७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशपदासाठी नामनिर्देशित झालेल्या रॉबर्ट बोर्क यांनी भाड्याने नेलेल्या व्हिडिओ कॅसेटींची यादी वॉशिंग्टनच्या एका साप्ताहिकाने छापली. यादीत आक्षेपार्ह असे काहीच नव्हते. तरीही लोकप्रतिनिधी अस्वस्थ झाले आणि १९८८ मध्ये व्हिडिओ पाहण्याच्या नोंदींना संरक्षण देणारा कायदा संमत झाला. राज्यघटनेत खाजगीपणाचा सर्वसाधारण हक्क आहे, हे स्वतः बोर्क मानत नसत!

भारतात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्वाळा दिला. त्यापूर्वीच्या, २०११ च्या माहिती तंत्रज्ञानविषयक नियमांत पासवर्ड, आर्थिक तपशील, आरोग्य इत्यादींना संवेदनशील मानले होते. कोणी काय पाहिले, याचा त्यात समावेश नव्हता. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम अधिक व्यापक आहे. संमती मुक्त, विशिष्ट, माहितीपूर्ण, बिनशर्त व निःसंदिग्ध असावी, असे तो सांगतो. संमती मागणारी सूचना इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतील २२ भाषांपैकी कोणत्याही भाषेत वाचण्याची मुभा त्याने दिली आहे, अर्थात मराठीतही. बालकांच्या बाबतीत पालकांची पडताळणीयोग्य संमती आवश्यक असून, त्यांच्या वर्तनाचा माग काढणे व त्यांना लक्ष्य करून जाहिराती दाखवणे यांस मनाई आहे. या अधिनियमाचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि त्यांतील मुख्य बंधने १८ महिन्यांनंतर, म्हणजे मे २०२७ पासून, अमलात यावयाची आहेत.

बालकांविषयीची तरतूद टीव्हीला लावताना खरी अडचण पुढे येते. समोर बालक आहे की आजोबा, हे ठशावरून संचाला कळत नाही. ते कळावे म्हणून कॅमेऱ्याने चेहरे ओळखू लागणे हा तर रोगापेक्षा भयंकर इलाज होईल. तेव्हा बालक असण्याचा संभव असलेल्या प्रत्येक घरात ही सोय मुळातच बंद ठेवून संच विकणे आणि ज्याला हवी त्याने ती स्वतः चालू करणे, हाच अर्थ या तरतुदीतून निघावयास हवा. कंपन्या तो सहजासहजी मान्य करतील, असे दिसत नाही.