धूर परत आत कशाला?

मी कवितेचा माणूस. इंजिनाशी माझा संबंध एसटीच्या खिडकीत बसण्यापुरता. पण परवा भाचा आला. त्याच्या डिझेल जीपवरच त्याचं घर चालतं. म्हणाला, ‘‘मामू, गाडी ओढत नाही. मेकॅनिक म्हणतो, ईजीआरला पत्रा मारून बंद करू. नाहीतरी तो धूरच परत इंजिनात सोडतो. काय करू?’’

धूर परत आत? मलाही ते चमत्कारिक वाटलं. म्हणून आधी समजून घेतलं.

हवेत सुमारे ७८ टक्के नायट्रोजन आणि २१ टक्के ऑक्सिजन असतो. एरवी हे दोघे एकमेकांच्या वाटेला जात नाहीत. इंजिनात जाळ फार तापला की मात्र एकत्र येतात आणि नायट्रोजनची ऑक्साइडं तयार होतात. ती फुप्फुसांना घातक. ईजीआर, म्हणजे एक्झॉस्ट गॅस रिसर्क्युलेशन, जळालेल्या वायूचा थोडा भाग बहुधा थंड करून पुन्हा आत सोडतं. त्यात ऑक्सिजन कमी असतो आणि तो उष्णताही शोषतो. चुलीत निखाऱ्यांवर राख सारली की आच उतरते ना, तसंच.

टर्बोचार्जर असला की एक अडचण येते. तो हवा दाबून आत कोंबतो. मग जळालेला वायू त्या दाबाविरुद्ध शिरणार कसा? म्हणून तो बहुधा टर्बोच्या आधी, जिथे त्याचा दाब जास्त असतो, तिथूनच घेतात. किती सोडायचा ते व्हॉल्व्ह ठरवतो. चढावर पूर्ण ताकद लागली की तो जवळजवळ मिटतो.

याची किंमतही आहे. आच उतरली की काजळी वाढते. ती साचून व्हॉल्व्ह उघडा अडकला की गाडी ओढत नाही. म्हणजे दोष पद्धतीचा नाही, साफसफाईचा.

मोठ्यांनीही इथे लबाडी केली आहे. फोक्सवॅगनच्या काही डिझेल गाड्या चाचणी ओळखून तेवढ्यापुरत्या स्वच्छ चालत. रस्त्यावर हाच वायू मर्यादेच्या ४० पटींपर्यंत सोडत. २०१५ साली अमेरिकेत ते उघड झालं. आपल्याकडे १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियमांनी डिझेल मोटारींची ही मर्यादा किलोमीटरला ०.२५ ग्रॅमवरून ०.०८ वर आणली.

भाच्याला म्हटलं, ‘‘पत्रा मारलास तर धूर काळा दिसणार नाही, म्हणून कुणी बोलणारही नाही. पण स्टँडवर तुझीच पोरं शाळेच्या गाडीची वाट बघत उभी असतात.’’

त्यानं व्हॉल्व्ह साफ करून घेतला. जीप आता घाट चढते.